कोर्ट, रेल्वे, जहाज : अनुवाद करताना या चुका टाळा

कोश उघडायचा, पहिला अर्थ उचलायचा, ओळ हातावेगळी करायची. नवख्यांच्या निम्म्या चुका या घाईतून येतात. मोबाइलवर भाषांतर करून घेणारे त्याच चुका अधिक वेगाने करतात, एवढंच.

कोर्टाचा कागद हातात आला की आधी पाहायचं: दिवाणी की फौजदारी? दिवाणी असेल तर दावा. त्यात वादी आणि प्रतिवादी. फौजदारी असेल तर खटला; त्यात सरकार पक्ष आणि आरोपी. 'प्रतिवादीला तीन वर्षांची शिक्षा' असं छापून आलं की कुणीतरी हे न पाहताच लिहायला बसलं होतं, हे उघड होतं.

'निकाल' बोलण्यात चालतो, कागदावर पुरत नाही. न्यायाधीश कारणं देऊन लिहितात तो न्यायनिर्णय, त्यावरून पक्षकारांचे हक्क ठरवून निघतो तो हुकूमनामा. अंमलबजावणीसाठी दरखास्त लावतात ती हुकूमनाम्याची. दरखास्तीला नुसतं 'अर्ज' म्हणू नका. एका दाव्यात अर्ज ढीगभर असतात.

खरा घोळ जहाजाच्या दाव्यात होतो. 'जहाजाला अटक' वाचून लोकांना कप्तानाच्या हातात बेड्या दिसतात. 'जप्ती' लिहावं, तर मालकी गेल्यासारखं वाटतं. 'न्यायालयाच्या आदेशाने जहाज रोखून ठेवलं' असं सरळ लिहा. हा दावा थेट जहाजावर असतो, प्रतिवादीच्या जागी जहाजाचं नाव येतं. मालक परदेशात असला तरी जहाज इथल्या बंदरात आहे, म्हणून तेच धरायचं. एम. व्ही. एलिझाबेथ प्रकरण आठवा. 1984 मध्ये हे जहाज गोव्याच्या मुरगाव बंदरातून माल भरून निघालं, पण माल पाठवणाऱ्याला बिल ऑफ लेडिंग, म्हणजे माल जहाजावर चढवल्याची पावती, न देताच. पुढे ते विशाखापट्टणमला आलं तेव्हा आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाच्या आदेशाने तिथे रोखलं गेलं. परदेशी जहाजावर असा अधिकार चालतो का, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1992 मध्ये उत्तर आलं: चालतो. आता त्यासाठी 2017 चा स्वतंत्र कायदा आहे. मूळ इंग्रजीत जहाजाला स्त्रीलिंगी सर्वनाम असतं, म्हणून मराठीत 'ती बंदरात शिरली' लिहिणारेही भेटतात. जहाज ते जहाज!

सागरी विम्यातल्या 'जनरल ॲव्हरेज'ला 'सर्वसाधारण सरासरी' करणाऱ्यांना तर दंडच हवा. सरासरीचा इथे काही संबंध नाही. वादळात जहाज वाचवण्यासाठी मुद्दाम थोडा माल समुद्रात टाकला, तर तो तोटा सगळ्यांनी वाटून घ्यायचा, असा हा नियम आहे. जहाज 60 कोटींचं, माल 40 कोटींचा, फेकलेला माल 5 कोटींचा धरा. शंभरावर पाच, म्हणजे जहाजमालकाच्या वाट्याला 3 कोटी, मालवाल्यांच्या वाट्याला 2 कोटी. ज्याचा माल बुडाला त्यालाही आपल्या हिश्शाचा वाटा सुटत नाही. 'सामाईक हानी-वाटणी' लिहा, किंवा मूळ शब्द ठेवून एकदा समजावून सांगा.

रेल्वेत लाडकी चूक बोगीची. बोगी म्हणजे डबा नव्हे; डब्याखालचा, चाकं बसवलेला सांगाडा म्हणजे बोगी. नेहमीच्या प्रवासी डब्याखाली अशा दोन असतात, प्रत्येकीला चार चाकं. तेव्हा 'दोन बोगी घसरल्या' म्हणजे कदाचित एकच डबा घसरला असेल. बोलताना कुणी डब्याला बोगी म्हणालं तर म्हणू दे, अपघाताच्या कागदात नको.

'पॉइंट निकामी' म्हणजे मुद्दा फसला नव्हे, गाडीला एका रुळावरून दुसऱ्या रुळावर नेणारा सांधा बिघडला. स्लीपर रुळाखालचा की झोपायचा, ते आधी पाहा. मुंबईकडे येणारी लोकल अप, मुंबईहून जाणारी डाऊन. चढ-उताराशी संबंध नाही.

जहाजाची 'पोर्ट' बाजू म्हणजे बंदराकडची नव्हे, पुढे तोंड करून उभं राहिल्यावर डावी. तिथे तांबडा दिवा, उजवीकडे हिरवा. आणि 'ताशी 15 नॉट' लिहू नका, नॉटमध्ये तास आधीच आहे: एक नॉट म्हणजे ताशी 1.852 किलोमीटर.