नेट गेलं तरी रस्ता सापडावा: गोव्यात सायकलीसाठी ऑफलाइन नकाशा ॲप कसं निवडावं

तांबडी सुर्ल्याच्या महादेवाला सायकलने जाताना बोळकर्णे मागे पडलं की माझ्या फोनमधल्या नेटवर्कच्या काड्या एकेक करून गळतात. पहिल्या खेपेला हे ठाऊक नव्हतं. तिठ्यावर थांबून फोन काढला, तर पडद्यावर निळा ठिपका आणि भोवती नुसत्या करड्या चौकटी. काजूच्या बागेत काम करणाऱ्या एका आजोबांना विचारलं. "सरळ वच, देवळालागीं पावतलो," म्हणाले. पोचलोही. पण दर तिठ्यावर आजोबा भेटतील अशा भरवशावर रविवार काढता येत नाही, म्हणून घरी आल्यावर ऑफलाइन ॲपच्या मागे लागलो.

त्या दिवशी ठिपका बरोबर होता, हे आधी लक्षात घ्या. फोनमधला जीपीएस आकाशातल्या उपग्रहांकडून संकेत घेतो, त्याला सिमकार्ड लागत नाही, रिचार्जही नाही. नेट लागतं ते ठिपक्याखालचा नकाशा आणायला. तो नकाशा घरीच फोनमध्ये उतरवून घेतला की काम झालं, असं वाटतं. खरं तर ते अर्धंच काम. नकाशा *दिसणं* वेगळं आणि नेटशिवाय नवा मार्ग *काढून मिळणं* वेगळं. वाट चुकल्यावर उपयोगी पडतं ते दुसरं, आणि पुष्कळ ॲप्स नेमकी तिथेच हात वर करतात.

आधी स्वतःला विचारा: गरज आहे का?

मडगावहून कोलव्याला जाऊन शहाळं पिऊन परत येणाऱ्याला यातलं काहीही नको. मोले, चोर्ला घाट, नेत्रावळी, खोतीगावचं रान किंवा कुशावतीकाठची उसगाळीमळची कातळशिल्पं अशी तुमची यादी असेल, तर पुढे वाचा.

उमेदवार निवडा, पण दोन-तीनच

गूगल मॅप्स फोनमध्ये असतंच, आणि त्यात एखादा भाग ऑफलाइन उतरवूनही घेता येतो. पण नेट नसताना ते फक्त गाडीचा मार्ग दाखवतं. सायकलीचा आणि पायी जायचा मार्ग ऑफलाइन मिळत नाही. २०१७ साली भारतात आलेला दुचाकी मोड हा मोटारसायकल-स्कूटरसाठी आहे, आपल्या पायडलशी त्याचा संबंध नाही. गूगल दुकान शोधायला ठेवा, सायकलीला नको.

खरी निवड होते ती ओपनस्ट्रीटमॅपवर चालणाऱ्या ॲप्समध्ये. २००४ पासून जगभरचे हौशी लोक हा नकाशा भरत आले आहेत, आणि पायवाट, कच्चा रस्ता, बांध अशा गोष्टी त्यात पुष्कळदा सापडतात. ऑर्गॅनिक मॅप्स फुकट आहे, जाहिराती नाहीत, खातं उघडावं लागत नाही आणि आईलाही समजेल इतकं सोपं आहे. त्याच्याच कोडमधून २०२५ साली कोमॅप्स नावाचं भावंड निघालं, वापरायला जवळपास तसंच. ओस्मँड म्हणजे हत्यारांची पेटी: हवं ते आहे, फक्त कुठल्या खणात ते शोधताना पहिला आठवडा जातो. प्ले स्टोअरवरच्या त्याच्या फुकट आवृत्तीत ठरावीकच नकाशे उतरवता येतात. एफ-ड्रॉइड या मुक्त ॲप्सच्या दुकानातून घेतली तर ती मर्यादा नाही. कोमूट देखणं आहे, पण ऑफलाइनसाठी खिशात हात घालावा लागतो, आणि आधी आखून जतन केलेला मार्गच ते नेटशिवाय नीट चालवतं.

तारे आणि परीक्षणं वाचत बसू नका. बर्लिनच्या सायकलवाल्याने दिलेले पाच तारे फोंड्याच्या सायकलवाल्याच्या काय कामाचे? तिथे फेरीबोटीच्या वेळा बघत कोणी सायकल हाकत नाही. उमेदवार घरीच तपासायचे, आणि तेही आपल्याच रस्त्यांवर.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर परीक्षा

गोव्याचा नकाशा वायफायवर उतरवून घ्या. मग फोन विमान मोडवर टाका आणि वायफायही बंद करा. ही पायरी टाळणारे पुष्कळ आहेत, आणि तेच पुढे मोलेला करड्या चौकटी बघतात. आता प्रत्येक ॲपला सायकल मोडवर ठेवून चार प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न फेरीचा. जुने गोवेहून नार्व्याच्या सप्तकोटेश्वराला जायचा मार्ग मागा. मूळ देऊळ दिवाडी बेटावर होतं. पोर्तुगीज काळात देव नदीपलीकडे नार्व्याला गेला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. सायकलवाल्याची वाटही देवाच्याच वाटेने: जुने गोवेहून फेरीने दिवाडी, बेट आडवं कापायचं आणि पलीकडच्या धक्क्यावरून दुसऱ्या फेरीने नार्वे. ॲपने या दोन्ही फेऱ्या जोडून मार्ग दिला तर ते पास. मांडवीला मोठा वळसा घालून डिचोलीकडून नेलं, तर सेटिंगमध्ये 'फेरी टाळा' चालू आहे का ते बघा आणि बंद करून पुन्हा विचारा. मग नुसतं दिवाडी विचारा. बेटावर पूल नाही, तेव्हा फेरी न मानणारं ॲप सरळ 'मार्ग सापडला नाही' म्हणून मोकळं होईल. शेवटची फेरी किती वाजता, इंजीन बिघडलंय का, हे कुठलंच ॲप सांगणार नाही. ते धक्क्यावरच्या माणसाला विचारायचं.

दुसरा प्रश्न पुलाचा. पणजीहून पर्वरी. अटल सेतूवर दुचाकींना प्रवेश नाही. ॲपने तुम्हाला त्यावर चढवलं, तर एकतर तुम्ही चुकून गाडीच्या मोडमध्ये आहात, नाहीतर त्याच्या सायकल मोडवर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही. जुन्या मांडवी पुलावरून किंवा बेतीच्या फेरीने नेलं तर ठीक.

तिसरा प्रश्न नावाचा, आणि यात भले भले गळतात. नेट असताना आपण काहीही खरडलं तरी सर्व्हर समजून घेतो. ऑफलाइन शोध तितका समजूतदार नसतो. आपण म्हणतो साखळी, नकाशावर पोर्तुगीज वळणाचं रोमन नाव 'सांक्वेलिम'. डिचोलीचं 'बिचोलिम', पेडण्याचं 'पेर्नेम', कुठ्ठाळीचं 'कोर्तालिम'. केपे शोधायचं तर स्पेलिंग के अक्षराने नाही, क्यूने सुरू होतं, आणि चोडण सापडायला सी-एच-ओ-आर लिहावं लागतं. काही गावांना नकाशात देवनागरी नावही दिलेलं असतं, तेव्हा देवनागरीतही शोधून बघा. आपल्या नेहमीच्या दहा गावांपैकी किती सापडतात ते मोजा. न सापडलेली गावं नकाशावर बोटाने दाबून धरा आणि 'आवडती ठिकाणं' म्हणून आपल्या भाषेत जतन करा. मी तर तिठ्यावरचं चहाचं दुकान, पंक्चरवाला आणि पाणी मिळणारं देऊळ अशी माझीच यादी करून ठेवली आहे. ॲपमधल्या कुठल्याही सोयीपेक्षा मला ती जास्त उपयोगी पडते.

चौथा प्रश्न कच्च्या रस्त्यांचा. खाजन शेताच्या, म्हणजे खाडीकाठच्या खारवट शेताच्या, बांधावरून हिवाळ्यात सकाळी सायकल चालवण्यासारखं सुख नाही. पण तोच बांध जुलैत चिखलाचा आणि निसरडा असतो, मानशीजवळ (बांधातल्या पाण्याच्या दाराजवळ) तर पाय टेकायलाही जागा नसते. म्हणून ॲपमध्ये 'कच्चे रस्ते टाळा' हे बटण हवं, पावसात लावायला आणि दिवाळीनंतर काढायला. सांगे-डिचोली भागात आणखी एक भानगड: खाणीचे आणि चिरेखणींचे रस्ते. नकाशावर ते झकास रुंद दिसतात, प्रत्यक्षात पुढे फाटक, फाटकावर वॉचमन. एकदा एका ॲपने मला असाच चार किलोमीटर आत नेला. वॉचमन भला होता, पाणी दिलं, पण फाटक उघडलं नाही.

शेजारचे नकाशेही घ्या

गोवा लहान आहे, पण सायकल सीमा मानत नाही. तेरेखोलहून रेडीला निघालात, दोडामार्गाकडे वळलात तर महाराष्ट्राचा नकाशा हवा; चोर्ला किंवा अनमोड चढून गेलात तर कर्नाटकाचा. हद्दीपाशी मार्ग तुटला की समजायचं, शेजारचं राज्य उतरवायचं राहिलं.

अँड्रॉइडवर ओस्मँडच्या जोडीला बीराउटर नावाचं फुकट मार्गशोधक ॲप घेता येतं. ते खास सायकलीसाठी लिहिलेलं आहे आणि चढही हिशेबात धरतं. त्याचा डेटा पाच-पाच अंशांच्या चौकोनांत येतो, आणि गंमत अशी की पंधरावं अक्षवृत्त आपल्या काणकोण तालुक्यातून जातं. म्हणजे पणजी, फोंडा, मडगाव एका चौकोनात आणि लोलये-पोळें दुसऱ्यात. इतक्या चिमुकल्या राज्याला दोन फायली! एकच घेतलीत तर काणकोणच्या चावडी गावाच्या खाली मार्ग संपतो, आणि दोष आपण ॲपला देतो.

चढ किती, ते आधी बघा

आखलेल्या मार्गाखाली उंचीचा आलेख दाखवणारंच ॲप घ्या. ऑर्गॅनिक मॅप्स आणि ओस्मँड दोन्ही दाखवतात. गोवा म्हणजे सपाट किनारा, असं बाहेरच्यांना वाटतं. नदीकाठावरून सड्यावर (माथ्यावरच्या पठारावर) चढणारा आखूड, उभा रस्ता ज्याने एप्रिलच्या उन्हात मारला आहे त्याला विचारा. दोन किलोमीटर लांबचा पण सपाट रस्ता मी नेहमी आनंदाने घेतो.

मित्राने पाठवलेला मार्ग जीपीएक्स फाइल म्हणून येतो. ऑर्गॅनिक मॅप्समध्ये ती रेघ म्हणून दिसते आणि रेघेवर नजर ठेवून आपण चालवायचं. ओस्मँड त्याच रेघेवरून वळणावळणाला बोलून नेतं. तुम्ही गटाने फिरत असाल आणि मार्ग दुसरा कोणी आखत असेल, तर ओस्मँडसाठी एवढं एक कारण पुरे.

बॅटरी, पाऊस, हँडल

बॅटरी मुख्यतः पडदा खातो. ओस्मँडमध्ये वळण आलं की तेवढ्यापुरता पडदा उजळेल अशी सोय आहे, ती चालू करा. रानात फोन सारखा नेटवर्क शोधत राहतो आणि त्यातही बॅटरी जाते. तिथे विमान मोड लावा, जीपीएस चालूच राहतो. मात्र घरच्यांना तसं सांगून निघा. अँड्रॉइडच्या बॅटरी सेटिंगमध्ये नकाशा ॲपवरचे निर्बंध काढून टाका, नाहीतर पडदा बंद होताच फोन ॲपलाही झोपवतो आणि नोंदवलेला मार्ग मध्येच तुटतो.

नेटशिवाय ठिपका पहिल्यांदा उमटायला वेळ लागू शकतो, कारण उपग्रह स्वतःच्या कक्षेची माहिती दर ३० सेकंदांनी प्रसारित करतो आणि ती अखंड मिळावी लागते. दाट झाडीखाली ती सारखी तुटते. म्हणून जीपीएस घराच्या अंगणातच चालू करा, रानात शिरल्यावर नको.

पावसाचे थेंब पडद्यावर बोटासारखे नाचतात आणि नकाशा भलतीकडे पळवतात. जून ते सप्टेंबर फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवा आणि कानात एकच इअरफोन लावून आवाजी सूचना ऐका. दुसरा कान मागून येणाऱ्या ट्रकसाठी मोकळा. हँडलवर फोन लावणारच असाल तर धारक घट्ट हवा. खड्ड्यात उसळून पडलेला फोन मी बोरीच्या पुलाजवळ शोधला आहे.

ओळखीच्या वाटेवर एक फेरी

निवडलेलं ॲप थेट चोर्ल्याला नेऊ नका. पहाटे पोदेर भोंगा वाजवत ज्या वाड्यांतून पाव वाटत फिरतो, त्याच आपल्या गावच्या रस्त्यांवर एक फेरी मारा. मुद्दाम चुकीचं वळण घ्या आणि ॲप नवा मार्ग किती पटकन देतं ते बघा. आवाज वळणाआधी येतो की वळण गेल्यावर? उन्हात पडदा वाचता येतो का? दोन तासांत बॅटरी किती टक्के उतरली? कागदावर लिहून ठेवा.

या फेरीत नकाशातल्या चुकाही सापडतील. त्या दुरुस्त करणं अवघड नाही. अँड्रॉइडवर स्ट्रीटकंप्लीट नावाचं ॲप उभं राहिल्या जागी सोपे प्रश्न विचारतं, रस्ता डांबरी की मातीचा वगैरे, आणि उत्तर थेट ओपनस्ट्रीटमॅपमध्ये जातं. ऑफलाइन ॲपमध्ये ते दिसायला पुढचा नकाशा येईपर्यंत थांबावं लागतं. त्या खाणीच्या रस्त्यावर मी फाटक घातलं होतं. नवा नकाशा आल्यावर फाटक दिसलं, पण ॲपने मार्ग पुन्हा त्यातूनच काढला. फाटक नुसतं 'फाटक' होतं, 'खासगी, प्रवेश नाही' ही खूण घालायची मी विसरलो होतो. ती आता घातली आहे.