परदेशातलं आजारपण: तिथे असताना आणि परतल्यावर

प्रवासात जडलेला आजार ओळखताना डॉक्टरांना सगळ्यात जास्त मदत होते ती तारखांची. मलेरियाचा डास चावल्यापासून ७ दिवसांच्या आत ताप येत नाही. डेंग्यू सहसा ४ ते १० दिवसांत, फार तर १४ दिवसांत दिसतो. टायफॉइडला १ ते ४ आठवडे लागतात, आणि हिपॅटायटिस एची कावीळ ५० दिवसांनीही येऊ शकते. म्हणून परतून पंधरवडा उलटल्यावर ताप आला, तर डेंग्यू जवळजवळ बाद होतो. मलेरिया मात्र बाद होत नाही.

त्यामुळे प्रवासात रोज फोनमध्ये एक ओळ लिहून ठेवा. कुठे मुक्काम होता, नदी-तळ्यात उतरलात का, कुठला प्राणी चावला किंवा ओरखडला का, डास खूप होते का, कोणती गोळी घेतली किंवा चुकली. एवढं पुरे. तीन आठवड्यांनी दवाखान्यात तापाने फणफणत असताना हे आठवत नाही.

निघण्याआधी

प्रवासाच्या ४ ते ६ आठवडे आधी डॉक्टरांना भेटा. काही लशींचे एकाहून जास्त डोस लागतात आणि त्यांच्यात ठरावीक अंतर ठेवावं लागतं. पीतज्वराच्या (यलो फीवरच्या) लशीचं प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी ग्राह्य होतं. निघायच्या आदल्या दिवशी घेतलेली लस विमानतळावर उपयोगाची नाही. हे प्रमाणपत्र जुलै २०१६ पासून आयुष्यभर चालतं, आधी घेतलेल्या लशीचंसुद्धा.

नेहमीची औषधं प्रवासाच्या दिवसांना पुरून आठवडाभर उरतील इतकी घ्या आणि सगळी हातातल्या सामानात ठेवा. गोळ्या स्ट्रिपमधून काढून डबीत भरू नका. सीमेवर कोणी विचारलं, तर सुटी गोळी कसली आहे हे सिद्ध करता येत नाही. डॉक्टरांकडून एका कागदावर औषधाचं मूळ रासायनिक नाव, डोस आणि कशासाठी घेता हे इंग्रजीत लिहून घ्या. कंपनीने दिलेली नावं देशागणिक बदलतात, मूळ नाव दाखवलं की केमिस्टला कळतं. साधी वाटणारी औषधंही काही देशांत अडचणीत आणतात. १० टक्क्यांहून जास्त स्यूडोएफेड्रिन असलेली सर्दीची औषधं जपानमध्ये नेता येत नाहीत. ट्रॅमाडॉल आणि कोडीन संयुक्त अरब अमिरातीत नियंत्रित आहेत, त्यासाठी आधी परवानगी काढावी लागते. ज्या देशात जाणार आणि जिथे विमान बदलणार, त्या दोन्हींचे नियम त्यांच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर पाहून घ्या.

इन्सुलिन चेक-इन सामानात कधीही टाकू नका. विमानाच्या पोटात ते गोठू शकतं, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळून पूर्वीसारखं दिसलं तरी त्याचा भरवसा उरत नाही. घड्याळाच्या वेळा बदलताना डोस कसा सरकवायचा हे डॉक्टरांकडून तासांनिशी लिहून घ्या. विमानात बसून अंदाज बांधू नका.

विमा काढताना रक्तदाब, मधुमेह, जुनं ऑपरेशन, सगळं सांगून टाका. हप्ता थोडा वाढेल, पण लपवलेला आजार कारणीभूत ठरला तर दावा फेटाळला जातो. पॉलिसीत दोन गोष्टी शोधा: आधीपासूनचे आजार धरलेत का, आणि रुग्णाला दुसऱ्या गावी किंवा मायदेशी हलवण्याचा खर्च आहे का. चोवीस तास चालणारा मदत क्रमांक फोनमध्ये आणि पासपोर्टसोबत कागदावरही ठेवा.

विमानात

चार तासांहून लांबच्या प्रवासात एका जागी बसून राहिल्याने पायातल्या खोल शिरेत गुठळी होण्याचा धोका वाढतो. दर तासा-दीड तासाने उठून चाला, बसल्या जागी टाच आणि चवडा आळीपाळीने उचला. पोटरीचा स्नायू दाबला गेला की रक्त वर ढकललं जातं. ज्यांना आधी गुठळी झाली आहे, नुकतंच मोठं ऑपरेशन झालंय, कर्करोग आहे, गरोदर आहेत किंवा हार्मोनच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारून घोट्याशी १५ ते ३० एमएमएचजी दाब देणारे, मापाचे मोजे घालावेत. ढिले मोजे निरुपयोगी, गुडघ्यामागे गुंडाळी झालेले अपायकारक. आणि गुठळी प्रवास संपल्यावर काही आठवड्यांनीही दिसू शकते. एकच पाय सुजला, पोटरी दुखून गरम लागली तर त्याच दिवशी दाखवा. छातीत दुखून दम लागला तर थेट इमर्जन्सीत जा.

पोट बिघडलं तर

प्रवासातली सगळ्यात नेहमीची तक्रार हीच, आणि सगळ्यात जास्त चुकाही इथेच होतात. बहुतेक वेळा कारण जिवाणू असतात आणि तीन ते पाच दिवसांत पोट आपोआप ठिकाणावर येतं. तोवर माणसाला खचवतो तो पाण्याचा आणि क्षारांचा ऱ्हास. म्हणून पहिलं औषध ओआरएस, म्हणजे पाण्यात मिसळायची साखर-क्षारांची पूड.

पाकिटावर जितकं पाणी लिहिलंय तितकंच मोजून घ्या. एक लिटरचं पाकीट असेल तर एक लिटरची बाटली भरून त्यात पूर्ण पाकीट रिकामं करा. अर्धं पाकीट आणि ग्लासभर पाणी असा हिशेब जुळत नाही, कारण पूड सारखी मिसळलेली नसते. कमी पाण्यात केलेलं दाट द्रावण आतड्यात उलट पाणी ओढतं, जुलाब वाढतात आणि लहान मुलांच्या रक्तात मीठ धोकादायक पातळीला जाऊ शकतं. चव आवडत नाही म्हणून वरून साखर घालण्यानेही हेच होतं. पाणी उकळून थंड केलेलं किंवा सीलबंद बाटलीतलं हवं. उकळी खळखळ फुटल्यावर एक मिनिट, दोन हजार मीटरहून उंचावर तीन मिनिटं. तयार द्रावण २४ तासांनी फेकून द्या. पाकीट मिळालंच नाही तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा वरून सुरीने सपाट करा. मीठ जास्त होण्यापेक्षा कमी झालेलं बरं.

दर जुलाबानंतर दोन वर्षांखालच्या बाळाला ५० ते १०० मिली, त्याहून मोठ्या, दहा वर्षांपर्यंतच्या मुलाला १०० ते २०० मिली, मोठ्यांना हवं तितकं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा, मग दर एक-दोन मिनिटांनी एकेक चमचा. घटाघटा प्यायलं की पुन्हा उलटी होते आणि लोक म्हणतात, पोटात काही ठरत नाही. चमच्याने दिलेलं बहुधा ठरतं. अंगावरचं दूध चालू ठेवा.

लोपेरामाइड जुलाब थांबवतं, आजार बरा करत नाही. लांबच्या बसप्रवासाला त्याचा उपयोग आहे: आधी दोन गोळ्या म्हणजे ४ मिलिग्रॅम, मग दर पातळ जुलाबाला २ मिलिग्रॅम, डॉक्टरांना न विचारता दिवसाला ८ मिलिग्रॅमच्या वर नाही. शौचात रक्त असेल किंवा जास्त ताप असेल तर ही गोळी घेऊ नका. आतडं थंडावलं की विष आतच राहतं. लहान मुलांना स्वतःच्या मनाने द्यायची नाही.

अँटिबायोटिक साध्या जुलाबांवर घेऊ नये हे आमचं ठाम मत आहे. त्याने आतड्यातले चांगले जिवाणू मरतात आणि औषधाला न जुमानणारे जिवाणू मागे उरतात. रक्त पडतंय, ताप आहे, माणूस अंथरुणाला खिळलाय, अशा वेळी ते लागतं. त्यासाठी निघण्याआधीच डॉक्टरांकडून अझिथ्रोमायसिन, डोसच्या सूचनेसह, लिहून घेता येतं. दक्षिण आणि आग्नेय आशियात सिप्रोफ्लॉक्सासिनला दाद न देणारे जिवाणू खूप आहेत, तिथे त्यावर विसंबू नका.

दोन गोष्टी हमखास विसरल्या जातात. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आणि रक्तदाबाची काही औषधं अंगातलं पाणी कमी झालेलं असताना अपाय करू शकतात. जुलाब-उलट्यांत त्यांचं काय करायचं हे आधीच विचारून ठेवा. आणि गर्भनिरोधक गोळी घेतल्यावर तीन तासांत उलटी झाली तर ती पोटात गेली असं धरू नका.

सहा ते आठ तास लघवी नाही, ग्लानी, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी, रक्त, किंवा पाणीही पोटात न ठरणं, यातलं काहीही दिसलं की दवाखाना.

प्राणी चावला तर

कुत्रा, माकड, मांजर, वटवाघूळ, कोणीही चावलं किंवा ओरखडलं तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटं धुवा. घड्याळ लावा, आपल्याला दोन मिनिटं म्हणजे खूप वाटतात. मग त्याच दिवशी रेबीजची लस. परतल्यावर बघू, असं कदापि नको: रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर उपाय उरत नाही. रक्त आलं असेल आणि पूर्वी लस घेतलेली नसेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही लागतं, आणि ते पहिल्या डोसपासून सात दिवसांच्या आतच द्यायचं असतं. सगळीकडे ते मिळत नाही, म्हणून वेळ पडली तर शहर किंवा देश बदला. लशीचं नाव, बॅच आणि तारखा लिहून घ्या, म्हणजे उरलेले डोस घरी पुढे चालू ठेवता येतात.

उंचावर

तीन हजार मीटरच्या वर झोपायची जागा रोज ५०० मीटरहून जास्त चढवू नका, दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबा. डोकेदुखी आणि मळमळ सुरू झाली की आणखी वर जायचं नाही. झोकांड्या जाऊ लागल्या, बोलणं तुटक झालं, बसल्या जागी धाप लागली तर रात्र असली तरी खाली उतरायचं. सकाळची वाट पाहण्यातच माणसं दगावतात.

तिथल्या हॉस्पिटलात

जिवावरचा प्रसंग असेल तर आधी रुग्णवाहिका: युरोपीय संघात ११२, अमेरिका आणि कॅनडात ९११. इतर वेळी भरती होण्याआधी विम्याच्या मदत क्रमांकाला फोन करा, कोणतं हॉस्पिटल चालेल ते विचारा आणि बोलणाऱ्याचं नाव व तक्रार क्रमांक टिपून घ्या. दूतावास डॉक्टरांची यादी देतो, घरच्यांशी संपर्क करून देतो. बिल भरत नाही.

बाहेर पडताना हे हातात असल्याशिवाय निघू नका: निदानासह डिस्चार्ज कार्ड, शक्यतो इंग्रजीत, तपासण्यांचे रिपोर्ट आणि स्कॅनच्या प्रतिमा, दिलेल्या औषधांची नावं व डोस, बाबनिहाय बिल आणि पैसे भरल्याच्या पावत्या. नुसता एकूण आकडा असलेलं बिल विमा कंपनी परत पाठवते, आणि देश सोडल्यावर दुसरं मिळवणं फार जिकिरीचं होतं.

परतीच्या विमानाआधी एअरलाइनचा वैद्यकीय फॉर्म लागेल का ते विचारा. प्लास्टर घालून ४८ तास झाले नसतील तर ते उभं चिरून घ्यावं लागतं, कारण हवेत सूज वाढते. छाती किंवा पोटाच्या मोठ्या ऑपरेशननंतर साधारण दहा दिवस थांबावं लागतं.

परतल्यावर

मलेरियाच्या प्रदेशातून आल्यावर ताप आला तर तो अंगावर काढू नका. त्याच दिवशी रक्त तपासा. फॅल्सिपॅरम हा मलेरियाचा सगळ्यात घातक प्रकार बहुतेकांत पहिल्या तीन महिन्यांत येतो आणि एक-दोन दिवसांत जीवघेणा होऊ शकतो. व्हायवॅक्स या दुसऱ्या प्रकाराचे जंतू यकृतात दडून राहतात आणि महिन्यांनी, कधी वर्षानंतरही ताप आणतात. एक तपासणी निगेटिव्ह आली म्हणून सुटलो असं नाही. १२ ते २४ तासांच्या अंतराने एकूण तीनदा रक्त पाहावं लागतं. प्रतिबंधक गोळ्या घेत होतात म्हणूनही मलेरिया बाद होत नाही.

त्या गोळ्या घरी आल्याआल्या बंद करणं ही फार मोठी चूक आहे. डॉक्सीसायक्लिन आणि मेफ्लोक्विन परतल्यावर ४ आठवडे घ्यायच्या, अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल ७ दिवस. पहिल्या दोन गोळ्या जंतूंना रक्तात आल्यावर मारतात. शेवटच्या दिवशी चावलेल्या डासाचे जंतू यकृतातून बाहेर पडेपर्यंत त्या रक्तात असायला हव्यात.

दवाखान्यात पहिलंच वाक्य असं बोला: "मी अमुक देशाच्या ग्रामीण भागात दोन आठवडे होतो, अमुक तारखेला परतलो, ताप परवापासून आहे, मलेरियाची गोळी दोनदा चुकली." ‘ताप आलाय’ एवढंच सांगितलं तर साधा व्हायरल समजून पॅरासिटॅमॉल देऊन घरी पाठवतात. तापासोबत अंगावर पुरळ असेल, किंवा तुम्ही होतात तिथे साथ चालू असेल, तर आधी फोन करून जा. गोवर बाहेर बसलेल्या इतरांनाही लागतो.

डेंग्यूची शंका असेपर्यंत तापाला फक्त पॅरासिटॅमॉल. अ‍ॅस्पिरिन आणि आयबुप्रोफेनने रक्तस्राव वाढतो. डेंग्यूत ताप उतरला म्हणून निश्चिंत होऊ नका. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त ही लक्षणं नेमकी तेव्हाच दिसतात.

जुलाब १४ दिवसांहून जास्त टिकले तर जियार्डियासारखे परजीवी शोधावे लागतात. शौचाची तपासणी मागताना प्रवासाचा उल्लेख करा. जंतू गेले तरी काही आठवडे दूध पचत नाही किंवा पोट हुळहुळं राहतं. तेवढ्यासाठी पुन्हा अँटिबायोटिक नको. आफ्रिकेत गोड्या पाण्याच्या तळ्यात किंवा नदीत उतरला असाल तर त्रास नसला तरी ६ ते ८ आठवड्यांनी शिस्टोसोमियासिससाठी (गोड्या पाण्यातून कातडीवाटे शिरणाऱ्या परजीवीचा आजार) रक्त तपासा. आधी केली तर तपासणी फसवते.

झिका या डासांतून पसरणाऱ्या, गर्भाला अपाय करणाऱ्या विषाणूच्या प्रदेशातून आल्यावर गर्भधारणेसाठी पुरुषांनी ३ महिने, स्त्रियांनी २ महिने थांबावं. परदेशात हॉस्पिटलात भरती झाला असाल तर पुढच्या भरतीच्या वेळी ते सांगा, औषधांना न जुमानणारे जिवाणू अंगावर आहेत का हे तिथले लोक तपासतील. रक्तदानाला गेलात तर फॉर्मवर प्रवास लिहा. मलेरियाच्या भागातून आलेल्यांना काही महिने थांबायला सांगतात, तब्येत उत्तम असली तरीही.