आकडा टाकला आणि फसले: पाणी तपासणीचा धंदा व्हॉट्सॲपवर वाढवताना

परवा एका मुलीचा मेसेज आला, ताई मीपण माती-पाणी तपासायचं सुरू करतेय, तुम्ही ग्रुपवरून कस्टमर कसे मिळवले ते सांगा ना. तिला व्हॉइस नोट पाठवायला घेतली तर ती अकरा मिनिटांची झाली, म्हणून म्हटलं लिहूनच टाकावं, तिच्यासारखे अजून असतील.

माझी नाशिकला पेठ रोडवर एका गाळ्यात छोटी लॅब आहे. माती, पाणी, पानदेठ (म्हणजे पानाचा देठ, झाडाला काय कमी पडतंय ते त्यावरून कळतं). मी आणि एक मदतनीस मुलगी, बस. गिऱ्हाईक म्हणाल तर दिंडोरी, निफाड, पिंपळगाव, ओझर इकडचे द्राक्षवाले. बिझनेस व्हॉट्सॲप, गुगल मॅपवर नाव, उद्यम नोंदणी (छोट्या धंद्याची सरकारी नोंद) वगैरे तुम्ही केलेलंच असेल, त्यात मी पडत नाही. फक्त उद्यमला सरकारी साइटवर एक रुपयाही लागत नाही एवढं लक्षात ठेवा, मी एकाला हजार रुपये देऊन बसलेय आणि अजून आठवलं की चिडचिड होते.

सुरुवातीला मी द्राक्षाच्या चार ग्रुपवर घुसले आणि रेट कार्ड टाकलं. मग परत टाकलं. तिसऱ्यांदा टाकलं तेव्हा एका अ‍ॅडमिनने काढून टाकलं, आणि बरोबरच केलं. डाऊनीने, म्हणजे द्राक्षावरच्या बुरशीने हैराण झालेला माणूस रात्री नऊला ग्रुप उघडतो आणि त्याला दिसतं काय, तर माझं रंगीत पोस्टर. मग ब्रॉडकास्ट लिस्ट (एकच मेसेज सगळ्यांना वेगवेगळा जातो ती) केली, 256 जणांची फुल्ल, आणि दोन महिने रोज लिहीत होते. उत्तर एकाचंही नाही. नंतर कळलं की ब्रॉडकास्टचा मेसेज ज्याने आपला नंबर सेव्ह केलाय त्यालाच जातो. म्हणजे मी दोन महिने भिंतीशी बोलत होते. आता सॅम्पल घेतानाच माझी मदतनीस मुलगी सांगते, दादा नंबर सेव्ह करा, रिपोर्ट याच नंबरवरून येईल. समोरच सेव्ह करून घेते ती.

काम झालं ते उत्तरं देऊन. एकाने रिपोर्टचा फोटो टाकून विचारलेलं, ईसी (पाण्यातल्या क्षारांचं माप) 1.8 आलीये, पाणी कसंय? खाली सात जणांनी सात औषधं सुचवली. मी लिहिलं, द्राक्षाला पाण्याची ईसी साधारण 1 च्या आत असली की काळजी नसते, 1.8 म्हणजे सांभाळून, पण आधी सांगा हे पाणी बोअरचं की विहिरीचं, आणि जमीन काळी आहे का मुरमाड, कारण काळ्यात निचरा कमी आणि क्षार साठतात. एवढंच. त्या आठवड्यात तीन जण बाटल्या घेऊन आले. मी कुठेही "या" म्हटलं नव्हतं. पोस्टपेक्षा उत्तर भारी, हे माझं मत अजून बदललेलं नाही.

मग लिहायची चटकच लागली. आणि तिथेच पडले, तर हा भाग नीट वाचा, बाकी विसरलात तरी चालेल.

ऑक्टोबर छाटणीनंतरचे दिवस होते, बागा कोवळ्या, फवारे जोरात. मी फवारणीच्या पाण्याच्या पीएचवर (पाणी किती आम्लधर्मी ते सांगणारा आकडा, जितका कमी तितकं जास्त) लिहिलं. आमच्या निफाडकडच्या विहिरीचं पाणी मीच कितीदा तपासलंय, पीएच 8 च्या वर, ते खाली आणायला 200 लिटरच्या ड्रमला किती अ‍ॅसिड लागतं ते मला तोंडपाठ. तो आकडा लिहून टाकला. वर दोन ओळी होत्या की हे आमच्या विहिरीचं आहे, तुमचं वेगळं असू शकतं. मेसेज तुफान पळाला, मी खूश. चार दिवसांनी सकाळी सहाला फोन. दिंडोरीकडचे एक दादा, माझे कस्टमरपण नाहीत. मॅडम, तुमचं वाचून मारलं, पानं जळाली.

गाडी काढून गेले. कोवळ्या पानांवर डाग, कडा करपलेल्या. त्यांचं पाणी कॅनॉलचं, आणि अ‍ॅसिड घातलेल्या त्याच ड्रममध्ये त्यांनी कॉपर (तांब्याचं बुरशीनाशक) टाकलेलं. आता गंमत बघा, त्यांच्या पाण्याचा पीएचपण 8 च्या आसपासच होता. आकडा सारखा दिसतो म्हणून माणूस फसतो. पण अ‍ॅसिड किती लागणार हे पीएचवर ठरत नाही, ते ठरतं बायकार्बोनेटवर, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या एका क्षारावर. आमच्या विहिरीत बायकार्बोनेट भरपूर, ते आधी अ‍ॅसिड खाऊन टाकतात, मग कुठे पीएच हलतो. कॅनॉलच्या पाण्यात ते कमी, म्हणून तेवढंच अ‍ॅसिड टाकलं की पीएच धाडकन खाली जातो. आणि आम्लधर्मी पाण्यात कॉपर नको तेवढं विरघळतं आणि पान जाळतं. सॅम्पल आणून तपासलं तर त्यांचे बायकार्बोनेट आमच्या पाव होते. पाव!

त्यांच्याकडे पोचलेला मेसेज मी त्यांच्या फोनवर पाहिला. वरच्या दोन ओळी गायब. माझं नाव गायब. खाली कुठल्यातरी दुकानाचं नाव आणि नंबर चिकटवलेला. ग्रुपमधल्या कुणीतरी सांगितलं की हे त्या लॅबवाल्या मॅडमचं, म्हणून मला फोन. चूक कापणाऱ्याची असं मी दोन दिवस स्वतःला समजावलं, पण खरं सांगू का, मेसेज कापलाच जातो. तो कापला गेल्यावरही कुणाचं नुकसान होणार नाही असा लिहायचा, हे माझं काम होतं. घड वाचले त्यांचे. ते नशीब आणि त्यांनी वेळेत हात आखडला म्हणून, माझं त्यात काही नाही.

तेव्हापासून नियम एकच, आकडा आणि त्याची अट एकाच वाक्यात. वेगळी ओळ नाही, वर सूचना नाही, खाली तारांकित टीप तर अजिबात नाही. आणि जमेल तिथे आकडा द्यायचाच नाही, मोजायची रीत द्यायची. म्हणजे आता मी लिहिते, 10 लिटरची बादली घ्या, जे पाणी फवारायचं तेच घ्या, थोडं थोडं अ‍ॅसिड टाकत पीएच बघत जा, विहीर आणि कॅनॉल दोन्ही वापरत असाल तर दोन्हीची बादली वेगळी. तो जुना आकडा इथेही लिहीत नाहीये, समजून घ्या.

हे फक्त आमच्या धंद्याला लागू असं समजू नका. समजा तुम्ही जीएसटीची कामं करता आणि लिहिलंत, दीड कोटीपर्यंत कंपोझिशन (उलाढालीवर ठरावीक दराने कर भरायची सोपी योजना) चालतं. वाचणारा निघाला सलूनवाला. सेवा देणाऱ्याला मर्यादा 50 लाख आहे, त्याचं काय? तुमची "सेवा देणाऱ्यांना हे नाही" ही ओळ दुसऱ्याच फॉरवर्डला गळलेली असणार.

रीत सांगणारे मेसेज कमी पळतात, हे खरं आहे, उगाच गोड बोलत नाही. आधी जे शंभर ठिकाणी जायचं ते आता दहा ठिकाणी जातं. पण त्या दहातले दोघं बादली घेऊन बसतात, त्यांचा मीटर चुकीचं दाखवतो (बफरने, म्हणजे ठरलेल्या पीएचच्या द्रावणाने सेट केलेलाच नसतो), अडतात, आणि बाटली घेऊन येतात. घाबरू नका, फोन येतात. उशिरा येतात पण येतात. माझं पहिलं बरं वर्ष चौथं होतं, आणि तिसऱ्या वर्षी मी नोकरीचे फॉर्म भरत होते, हेही सांगून ठेवते.

सगळं फुकट सांगितलं तर आपल्याकडे कोण येणार, हा प्रश्न मला प्रत्येक नवीन माणूस विचारतो. अरे, सांगा सगळं. सॅम्पल कसं घ्यायचं ते मी इतकं सविस्तर लिहिलंय की दुसऱ्या लॅबवाल्यांनी उचललंय. मोटर 10-15 मिनिटं चालू द्या, मग त्याच पाण्याने बाटली तीनदा विसळा, काठोकाठ भरा, औषधाची किंवा कोल्ड्रिंकची बाटली नको. उचलू देत. सॅम्पल चांगले यायला लागले, माझं परत तपासायचं काम अर्ध्यावर आलं.

आता मार्केटिंग शिकवणाऱ्या गुरू लोकांबद्दल. कॉलेज रोडच्या एका हॉटेलात दिवसभराचं वर्कशॉप केलं मी, पैसे आठवत नाही असं म्हणते पण आठवतात. हुक, फनेल, रोज तीन पोस्ट. तिथून आल्यावर मी महिनाभर असलं लिहिलं की माझ्या भावाने विचारलं, तू बरी आहेस ना? एआयकडून लिहून घेणंही केलं, प्रत्येक पोस्ट "शेतकरी बांधवांनो" ने सुरू. शेतकऱ्याला ते दोन शब्दांत कळतं आणि तो पुढे सरकतो. मला खरं शिकवलं ते एका जुन्या द्राक्ष कन्सल्टंट काकांनी, तेही चहा पिताना. म्हणाले, पोरी, तू फुलोऱ्यात मातीवर लिहितेस, तेव्हा कोण माती तपासणार? मातीवर छाटणीच्या आधी लिही, पानदेठवर फुलोऱ्याच्या जरा आधी. गिऱ्हाइकाच्या हातात काय काम येणारे ते बघ आणि त्याच्या पंधरा दिवस आधी लिही. वर्कशॉपच्या अख्ख्या फाइलपेक्षा हे जास्त चाललं.

रात्रीचे इनबॉक्स मात्र आवरा. रिपोर्टचा फोटो आला की मी म्हणते ग्रुपवर टाका, तिथे उत्तर देते, चार जणांना उपयोग होतो. फोन संध्याकाळी सात ते आठ. आणि खताचं शेड्युल मी देत नाही, कितीही गळ घातली तरी, मी तपासणारी आहे. एक-दोघं रागावून गेले. जाऊ देत.

ते दिंडोरीचे दादा गेल्या छाटणीला दोन बाटल्या घेऊन आले, एकीवर विहीर लिहिलेलं, एकीवर कॅनॉल. पैसे घेऊ नको म्हणत होते मीच मला मनात, पण त्यांनी आधीच काउंटरवर ठेवले होते.

बास आता, दारात कुणीतरी सॅम्पल घेऊन उभंय. कोल्ड्रिंकच्या बाटलीत.