वडिलांचा प्रोस्टेट कॅन्सर हाडांपर्यंत गेलाय? निदान या चुका तरी टाळा

ओळखीत कुणाच्या वडिलांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला की माझा नंबर त्यांच्याकडे जातो. फोनवरचं पहिलं वाक्य ठरलेलं: 'पीएसए एवढा आलाय, फार वाईट आहे का?' पीएसए म्हणजे प्रोस्टेटची रक्ततपासणी. मी विचारतो, बाबा चालतात कसे? लघवीला कसं होतं? रात्री झोपतात का? पलीकडे शांतता. रिपोर्टचा फोटो मात्र तोवर व्हॉट्सअ‍ॅपवर येऊन पडलेला असतो.

हसत नाही, मीही असाच होतो. त्याचे भोग बाबांच्या पायांनी भोगले, म्हणून आधी तेच.

पीएसए उतरला म्हणजे सगळं ठीक

हा कॅन्सर पसरतो तो बहुतेक वेळा हाडांत. मणका, कंबरेची हाडं, फासळ्या. टेस्टोस्टेरॉन, म्हणजे या कॅन्सरला पोसणारं पुरुषी हार्मोन, बंद करणारं इंजेक्शन सुरू झालं की पीएसए सहसा झपाट्याने खाली येतो. आमचाही आला. मी वहीत आलेख काढत होतो, भावाला फोटो पाठवत होतो. पण कधी कधी पीएसए फारसा न वाढताही आजार पुढे सरकतो, हे तेव्हा माझ्या गावीही नव्हतं.

त्याच सुमारास बाबांची पाठ दुखू लागली. छातीच्या मागच्या बाजूला, पट्टा आवळल्यासारखी. खोकलं की कळ, आडवं झालं की जास्त. बसल्यावर जरा बरं वाटायचं, म्हणून रात्री खुर्चीतच झोपू लागले. 'काही नाही रे, अवघडली असेल,' म्हणाले. मीही मान डोलावली. मलम झालं, शेक झाला, न विचारता आणलेली दुखण्याची गोळी झाली. गुरुवारी म्हणाले, पाय जड वाटतात. शनिवारी जिन्यावर गुडघ्यातच दुमडले. डॉक्टरांची तारीख मंगळवारची होती आणि मी शहाणा मंगळवारपर्यंत थांबलो. तोवर लघवी अडली होती.

त्याच दिवशी पूर्ण मणक्याचा एमआरआय झाला. गाठीचा मज्जारज्जूवर दाब. लगेच सूज उतरवणारं स्टेरॉइड, डेक्सामेथासोन, सुरू केलं, मग रेडिएशन. आज बाबा वॉकरवर चालतात, तेही घरातल्या घरात. उपचार सुरू होताना जो चालत असतो, त्याचं चालणं टिकण्याची आशा चांगली असते. पाय गेल्यावर पोचलात तर ते परत येतीलच असं नाही. शनिवार ते मंगळवार, हे तीन दिवस माझ्या खात्यावर आहेत.

तेव्हा हाडांत पसरलेला कॅन्सर असेल आणि पाठ किंवा मान नव्याने दुखू लागली, तर 'वयामुळे', 'गादीमुळे' असली कारणं काढत बसू नका. आडवं झाल्यावर किंवा खोकताना वाढणारं दुखणं असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. पायांत मुंग्या, बधिरपणा, अशक्तपणा, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, यातलं काहीही दिसलं तर रात्र असली तरी थेट कॅज्युअल्टी. तिथे नुसतं 'पाठ दुखते' म्हणू नका. 'प्रोस्टेटचा कॅन्सर मणक्यात आहे, मज्जारज्जूवर दाब आलाय का बघा,' असं म्हणा. माझ्या फाईलच्या पहिल्या पानावर हे वाक्य लाल पेनाने लिहिलेलं आहे. आणि रोज सकाळी बाबा खुर्चीतून उठताना मी बघतो, हात किती टेकवावे लागतात ते. तपासणी वगैरे नाही, खोड लागलीय. वहीतला आलेख बंद केला.

ताप आला, आधी पॅरासिटामॉल देऊन बघू

'देऊन बघू' हे शब्द ऐकले की माझं डोकं फिरतं. डोसिटॅक्सेलची केमो साधारण दर 3 आठवड्यांनी असते आणि डोस झाल्यावर आठवडा-दहा दिवसांच्या आसपास जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी तळाला जातात. तेव्हाचा 100.4 अंश फॅरनहाइट ताप हा जंतुसंसर्ग असू शकतो, आणि तो काही तासांत माणसाला लोळवतो. गोळीने आकडा उतरतो, जंतू तिथेच. आधी थर्मामीटर, मग हॉस्पिटलला फोन, गोळी त्यांनी सांगितली तर. थंडी वाजून अंग कापत असेल, बोलणं असंबद्ध वाटत असेल, तर ताप नसला तरी निघा.

गोळ्यांत स्वतःची अक्कल

अबिराटेरोन ही कॅन्सरवरची गोळी उपाशीपोटी म्हणजे उपाशीपोटीच, आधी 2 तास आणि नंतर 1 तास काही खायचं नाही. जेवणासोबत घेतली तर रक्तात औषध कित्येक पटींनी जास्त जातं. सोबतची प्रेडनिसोलोन 'स्टेरॉइड वाईट असतं' हे कुठेतरी वाचून बंद करणारे महाभाग मला भेटलेत. त्या गोळीमुळेच रक्तदाब चढणं आणि पोटॅशियम उतरणं आटोक्यात राहतं, आणि ती एकाएकी थांबवणं धोक्याचं असतं. टेस्टोस्टेरॉन बंद करणाऱ्या ल्युप्रोलाइडच्या पहिल्या इंजेक्शनच्या आगेमागे बायकॅल्युटामाइडची गोळी दिली असेल तर तीही गाळू नका. ते इंजेक्शन सुरुवातीला टेस्टोस्टेरॉन उलट वाढवतं, गोळी त्यासाठीच असते.

बाकीच्या भराभर सांगतो. मॉर्फिन म्हणजे शेवट नव्हे, पण पहिल्याच दिवशी सोबत पोट साफ होण्याचं औषध मागून घ्या, नाहीतर वेदनेपेक्षा बद्धकोष्ठतेने जीव जाईल. हाडांसाठीचं झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड किंवा डेनोसुमॅब सुरू होण्याआधी दातांच्या डॉक्टरांना दाखवा. नंतर दात काढावा लागला तर जबड्याचं हाड बरं होत नाही, असं होऊ शकतं. कॅथेटरची, म्हणजे लघवीच्या नळीची, पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खाली. पिशवीत लघवी येत नाही आणि ओटीपोट टणक झालंय, तर नळी तुंबलीय. पाणी पाजत वाट बघू नका. जडीबुटी द्यायचीच असेल तर निदान डॉक्टरांपासून लपवू नका. आणि बीआरसीए या घराण्यातून येणाऱ्या जनुकदोषाची तपासणी सुचवली तर टाळू नका, ती आपल्यासाठी आणि बहिणींसाठीही आहे.

बाबांच्या वतीने आपणच बोलणं

ही चूक करताना आपण फार कर्तव्यदक्ष वाटतो. डॉक्टर विचारतात, 'काय काका, कसं काय?' आणि उत्तर मुलगा देतो, तारखांसकट. मी तेच करायचो. टेस्टोस्टेरॉन गेल्यावर अंगातून वाफा निघतात, छाती हुळहुळते, इच्छा मरते, साध्या गोष्टीला डोळे भरून येतात. यातलं काय बाप मुलासमोर बोलणार? एकदा नर्सनेच मला काहीतरी निमित्त काढून बाहेर बसवलं. पंधरा मिनिटांनी आत गेलो तर डॉक्टर पॅड आणि लघवीची तपासणी लिहून देत होते. लघवी गळते म्हणून बाबा सहा महिने संध्याकाळनंतर पाणीच पीत नव्हते. आता मी दर वेळी निम्म्यात उठतो, झेरॉक्स काढायचीय म्हणून.