सेल्फ घेते, पण गाडी उठत नाही: क्रँक आणि कॅम सेन्सर पाहताना

आयटीआयचं मेकॅनिक डिझेल पास होऊन कळंबोली किंवा तुर्भ्याच्या गॅरेजात लागलात, की ही तक्रार लवकरच समोर येईल. जुन्या पंपाच्या इंजिनात डिझेल कधी सोडायचं ते पंप स्वतः ठरवायचा. बीएस-४ (देशभर एप्रिल २०१७पासून) आणि बीएस-६च्या (एप्रिल २०२०) कॉमन रेल गाड्यांत ते ईसीएम (इंजिनचा कंप्युटर) ठरवतो, आणि त्यासाठी त्याला क्रँक कुठे आहे हे कळावं लागतं. क्रँक सेन्सर वेग आणि जागा सांगतो. कॅम सेन्सर पिस्टन कॉम्प्रेशनला वर येतोय की एग्झॉस्टला, ते सांगतो.

सेल्फ मारताना आरपीएमच्या काट्याकडे बघा. काटा अजिबात हलत नसेल तर संशय क्रँक सेन्सरवर. काटा हलतोय पण गाडी खूप सेल्फ खाऊन उठते, तर कॅमकडे बघा. बऱ्याच इंजिनांत कॅमचा सिग्नल नसतानाही ईसीएम अंदाजाने गाडी उठवतो. भरल्या लोडने गायमुखचा चढ चढताना इंजिन बंद पडतं आणि अर्ध्या तासाने काही न करता पुन्हा सेल्फला चालू होतं, असं झालं तर गरम झाल्यावर तुटणारी सेन्सरची कॉइल हे नेहमीचं कारण. स्कॅनरवर पी-०३३५ हा कोड क्रँकचा आणि पी-०३४० कॅमचा. काही ट्रकचे स्कॅनर एसपीएन ६३६ किंवा ७२३ दाखवतात. हे कोड सर्किटचे आहेत. 'सेन्सर बदला' असं ते म्हणत नाहीत, आणि चांगले सेन्सर फेकले जातात ते इथेच.

क्रँक सेन्सर बहुतेक वेळा बेल हाउसिंगवर, फ्लायव्हीलच्या घेराकडे तोंड करून असतो. काही इंजिनांत पुढे क्रँक पुलीजवळ. कॅमचा टायमिंग कव्हरवर किंवा हेडच्या टोकाला. दोन्ही प्रत्येकी एकाच बोल्टने धरलेले. ऑइल प्रेशर सेन्सरशी गल्लत करू नका. तो चुडीने (आट्यांनी) बसतो, हे मात्र गुळगुळीत दांड्याचे असतात.

आधी बॅटरी. सेल्फ जड फिरला तर दोन वायरींच्या इंडक्टिव्ह (कॉइलच्या) सेन्सरचा सिग्नल इतका कमी पडतो, की चांगला सेन्सरही मेल्यासारखा वाटतो. मग कपलर. उरणच्या खाडीकडे फिरणाऱ्या आणि पावसाळ्यात तुंबलेल्या रस्त्यांतून जाणाऱ्या गाड्यांच्या पिना हिरव्या पडलेल्या असतात. नुसता कपलर साफ करून बरेच कोड जातात. हार्नेस बेल हाउसिंगच्या कडेला घासतो तिथे बोटाने चाचपा.

दोन वायरींचा सेन्सर काढून ओहममध्ये मोजा: साधारण काहीशे ते हजारभर ओहम, नेमका आकडा त्या इंजिनाच्या मॅन्युअलमधून घ्या. सेल्फ मारताना एसी व्होल्ट यायला हवेत. तीन वायरींचा हॉल सेन्सर ओहमने तपासू नका, त्यातून काही कळत नाही. इग्निशन ऑन करून हार्नेसच्या बाजूला सप्लाय बघा. गाडी २४ व्होल्टची असली तरी इथे बहुधा ५ व्होल्टच मिळतात. सप्लायच नसेल तर नवा सेन्सर काय करणार?

बदलताना हँडब्रेक आणि चाकाखाली ठोकळे. केबिन उचललीत तर तिचा लॉक बसल्याशिवाय खाली हात घालू नका. बीएस-६ गाडीत इग्निशन बंद केल्यावर लगेच बॅटरी कट-ऑफ फिरवू नका, यूरियाची लाइन रिकामी व्हायला दोनेक मिनिटं द्या. सेन्सरभोवतीची माती हवेने उडवा, नाहीतर ती हाउसिंगमध्ये पडते. अडकला तर डावी-उजवीकडे फिरवत ओढा. स्क्रूड्रायव्हरने उचकटलात की प्लॅस्टिक तुटून टोक आत राहतं आणि दहा मिनिटांच्या कामासाठी गिअरबॉक्स उतरवायची वेळ येते.

जुन्याच्या टोकावर लोखंडी कीस चिकटलेला दिसला तर पुसून तोच सेन्सर पुन्हा तपासा, आणि कीस रिंग गिअर घासून येतोय का ते बघा. जुनी ओ-रिंग भोकात राहिली नाही ना, याची खात्री करा. नव्या ओ-रिंगला इंजिन ऑइलचं बोट लावा. गॅपसाठी व्हर्निअर घ्या: हाउसिंगच्या तोंडापासून दातापर्यंतची खोली वजा फ्लँजपासून टोकापर्यंतची सेन्सरची लांबी. खोली ४१ मिमी आणि सेन्सर ४० मिमी, तर गॅप १ मिमी. साधारण अर्धा ते दीड मिमी चालतो. मोजताना खाली दात हवा, खाच नको. साठ दातांच्या चाकात दोन दात मुद्दाम गाळलेले असतात, मोजमाप नेमकं तिथे पडलं तर गॅप भलताच येतो. एम-६ बोल्टला ८ ते १० न्यूटन-मीटर पुरे. इम्पॅक्ट गन लावू नका, कान तुटतो.

वायर जोडावी लागली तर इंडक्टिव्ह सेन्सरच्या दोन वायरींची अदलाबदल होऊ देऊ नका. सिग्नल उलटा जातो, ईसीएमला गाळलेल्या दातांची खाच चुकीच्या जागी दिसते आणि नवा सेन्सर लावूनही कोड तसाच. पीळ घातलेली जोडी सुटी करू नका, अल्टरनेटरचा नॉइज (नको असलेला सिग्नल) त्यात शिरतो.

कोड पुसा, गाडी पूर्ण गरम होईपर्यंत चालवा, बंद करून लगेच पुन्हा सेल्फ मारा. काही मॉडेलमध्ये स्कॅनरने ईसीएमला नवा सेन्सर शिकवावा लागतो. दोन्ही सेन्सर चांगले आणि तरी पी-००१६ (क्रँक आणि कॅमचा मेळ बसत नाही) येतोय, तर सेन्सर घेणं थांबवून टायमिंग मार्क जुळतात का ते उघडून बघा. विशेषतः गाडी नुकतीच इंजिन काम होऊन आली असेल तर.