फुफ्फुसाच्या मेरिडियनचे पॉईंट घरच्या घरी कसे शोधायचे आणि दाबायचे

सारखी सर्दी होते, जरा बोललं की दम लागतो, आवाजात जोर राहत नाही, अशा तक्रारी असल्या की पारंपरिक चिनी वैद्यकात आधी फुफ्फुसाचा मेरिडियन बघतात. मेरिडियन म्हणजे 'ची', म्हणजे तिकडे मानतात ती जीवनशक्ती, वाहण्याचा मार्ग. शरीरात अशी नळी कुठे सापडलेली नाही, हा जुन्या वैद्यांनी आखलेला नकाशा आहे, तो तसाच समजून वापरा. फुफ्फुसाच्या मार्गावर 11 पॉईंट आहेत, छातीवर कॉलरबोनच्या खाली सुरू होतो आणि हाताच्या आतल्या अंगानं खाली येऊन अंगठ्याच्या नखाच्या कोपऱ्याशी संपतो.

आधी ठरवा की ची कमी पडलीय की अडकलीय. चेहरा फिका, थोड्याशा कामानं घाम, खोकल्यात जोर नाही, ही कमतरता. छाती भरलेली, कफ दाट पिवळा, घसा दुखतोय, तर अडकलंय. कमतरता असेल तर हात छातीकडून अंगठ्याकडे हलकेच फिरवायचा, अडकलं असेल तर उलट दिशेनं आणि जरा जोर लावून.

आता माप. इंच-सेंटीमीटर विसरा, इथे माप म्हणजे 'चुन', तुमच्याच अंगठ्याच्या सांध्याची रुंदी म्हणजे 1 चुन आणि चार बोटं जोडून 3 चुन. मापायचं ते ज्याच्या अंगावर पॉईंट शोधताय त्याच्या बोटानं, लहान मुलाला आईच्या अंगठ्यानं मापलं की सगळं चुकतं.

सगळ्यात कामाचा पॉईंट मला वाटतो लिएछुए, सातवा. दोन्ही हातांच्या अंगठा आणि तर्जनीमधल्या बेचक्या एकमेकींत अडकवा, वरच्या हाताची तर्जनी सरळ सोडा, ती खालच्या मनगटाच्या अंगठ्याकडच्या उंच हाडावर टेकते आणि तिच्या टोकाखाली एक बारीक खाच लागते, मनगटाच्या रेषेपासून दीड चुन वर. तीच जागा. इथे मांस फार नाही म्हणून खूप दाबायचं नाही, बोटाच्या पेरानं छोटे गोल फिरवत मिनिट-दोन मिनिटं, श्वास सावकाश सोडत. बोथट, जडसर दुखलं तर बरोबर जागी आहात, टोचल्यासारखं किंवा मुंग्या आल्यासारखं झालं तर बोट थोडं सरकवा. खोकला, नाक बंद होणं यासाठी तर वापरतातच, पण मान आणि डोकं दुखत असेल तरी चिनी वैद्य हाच पॉईंट घेतात.

बाकीचे पटकन सांगते. ताययुआन मनगटाच्या रेषेवर, अंगठ्याच्या बाजूला नाडी लागते तिथेच, कमतरतेसाठी, पण नाडीवर जोर देऊ नका. छिझे कोपराच्या घडीत, मधल्या दोरीसारख्या जाड स्नायुबंधाच्या अंगठ्याकडच्या बाजूला, उष्ण दाट कफासाठी. जोडीचा मेरिडियन मोठ्या आतड्याचा, त्यातला अंगठा-तर्जनीमधला हेगू बरेच जण सर्दीला दाबतात, गरोदर बायकांनी तो अजिबात दाबू नये. आणि सुई स्वतः टोचायची नाही, छातीवर तर मुळीच नाही, खाली फुफ्फुस आहे.

पहाटे 3 ते 5 ही फुफ्फुसाची वेळ मानतात, पण त्यासाठी गजर लावून उठू नका, झोप मोडून काय मिळणार? दमा असेल तर पंप सुरूच ठेवायचा, कफात रक्त दिसलं किंवा श्वास घेताना शिट्टी वाजायला लागली तर पॉईंट सोडून थेट डॉक्टर.

फुफ्फुसाला कोरडेपणा सोसत नाही असं तिकडे मानतात, म्हणून चीनमध्ये शरद ऋतूत कोरड्या खोकल्याला नासपती खडीसाखर घालून वाफवतात. वरचा भाग टोपीसारखा कापायचा, बिया काढायच्या, खडीसाखरेचे दोन-चार खडे टाकायचे, टोपी परत ठेवून वाटीत अर्धा-पाऊण तास वाफवायचं आणि सुटलेल्या रसासकट कोमट खायचं. डायबेटिस असेल तर खडीसाखर नको, आणि कफ पातळ पांढरा असेल, थंडी वाजत असेल तर हे न खाता आल्याचं गरम पाणी प्या.