कोस्टा रिकाची आठवड्याची सहल : या चुका टाळा

एक नमुना बघा. शनिवारी राजधानी सान होजेला उतरायचं. रविवारी पोआस ज्वालामुखी बघून आरेनाल ज्वालामुखीच्या पायथ्याचं ला फोर्तुना. सोमवारी झिपलाइन आणि गरम पाण्याची कुंडं. मंगळवारी डोंगरातलं मोंतेव्हेर्दे, बुधवारी समुद्रकाठचं मान्युएल आंतोनियो, गुरुवारी समुद्र, शुक्रवारी कासवं बघायला तोर्तुगेरो आणि शनिवारी परत. अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मार्चमधल्या स्प्रिंग ब्रेकच्या सुट्टीच्या तोंडावर असे प्लॅन फिरायला लागतात. ठिकाणं सगळी चांगली आहेत, पण यातला शुक्रवार या पृथ्वीवर शक्य नाही आणि मंगळवार-बुधवार गाडीच्या सीटवरच संपणार आहेत.

याचं मूळ नकाशात आहे. मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिकाचं क्षेत्रफळ 51,100 चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जेमतेम सहावा हिस्सा. त्यामुळे ‘एवढुसा तर देश आहे, सगळं करून टाकू’ असं वाटतं. पण देशाच्या मधोमध डोंगररांगा आहेत, बरेचसे रस्ते दुपदरी आहेत आणि पुढे एखादा मालट्रक लागला की ओव्हरटेकची संधी अर्धा-अर्धा तास मिळत नाही. किलोमीटर मोजूच नका, तास मोजा, आणि फोनने दाखवलेल्या तासांत आणखी पाऊण-एक तास मिळवा.

विमानतळावरून ला फोर्तुना साधारण तीन तास. तिथून मोंतेव्हेर्दे सरळ रेषेत अगदी हाकेच्या अंतरावर दिसतं, पण मध्ये आरेनालचा तलाव आणि त्यापलीकडे डोंगर. रस्ता तलावाला वळसा घालून तिलारानमार्गे जातो, शेवटच्या टप्प्यात खडी आणि खड्डे लागतात आणि साडेतीन-चार तास जातात. ज्यांनी गाडी घेतलेली नाही त्यांच्यासाठी इथे एक छान सोय आहे: व्हॅन-बोट-व्हॅन. हॉटेलवरून व्हॅन धरणापाशी नेते, सामान हातोहात बोटीत चढतं, तलाव ओलांडताना मागे आरेनालचा शंकू दिसत राहतो (ढग नसतील तर), आणि पलीकडच्या काठावर दुसरी व्हॅन उभी असते. तीनेक तासांत मोंतेव्हेर्दे. सहलीतला हा एकच प्रवास असा आहे की जो प्रवास म्हणूनही आवडतो. मोंतेव्हेर्देहून मान्युएल आंतोनियो मात्र चार-पाच तासांचा रस्ता आहे, आणि त्यात बघण्यासारखं म्हणजे वाटेतल्या तार्कोलेस नदीच्या पुलाखाली पहुडलेल्या मगरी.

तोर्तुगेरोला तर रस्ताच नाही. ला पावोनाच्या धक्क्यापर्यंत गाडीने आणि पुढे कालव्यातून बोटीने. मान्युएल आंतोनियो पॅसिफिकवर आणि तोर्तुगेरो पलीकडे कॅरिबियनवर. एका दिवसात जाऊन, कासवं बघून, दुसऱ्या सकाळी विमान पकडणं विसरा. शिवाय तिथल्या हिरव्या कासवांचा अंडी घालण्याचा मोठा हंगाम जुलै ते ऑक्टोबर. मार्चमध्ये ती गर्दी नसतेच. हंगामात गेलात तरी रात्रीच्या फेरीत फोन आणि कॅमेरा चालत नाही, तेव्हा रील काढायला म्हणून जाऊ नका.

माझं मत विचाराल तर आठवड्याला दोनच मुक्काम. ला फोर्तुना तीन रात्री, समुद्रकाठ तीन रात्री, आणि शेवटची रात्र विमानतळाजवळ. सोबत आजी-आजोबा किंवा लहान मुलं असतील तर मोंतेव्हेर्दे खुशाल गाळा. पक्ष्यांचं आणि जंगलाचं वेड असेल तर उलटं करा, समुद्र गाळा. तिन्ही हवेच असतील तर निदान कोस्टा रिकातल्याच लिबेरिया शहरात उतरा आणि सान होजेहून परता, म्हणजे एक फेरा वाचतो. देशात आंतरराष्ट्रीय विमानतळ मुख्यतः हे दोन, हेच अनेकांच्या लक्षात येत नाही. भाड्याची गाडी एका ठिकाणी घेऊन दुसरीकडे सोडायचे जादा पैसे लागतात, ते आधी विचारून घ्या. आणि तिकीट काढताना विमानतळाचा कोड वाचा: एसजेओ म्हणजे कोस्टा रिका, एसजेसी म्हणजे कॅलिफोर्नियातलं सॅन होजे.

व्हिसा: इथे चूक झाली तर बाकी प्लॅन वाचायची गरजच नाही

भारतीय पासपोर्ट आणि त्यावर अमेरिकेचा वैध मल्टिपल एंट्री व्हिसा किंवा हातात ग्रीन कार्ड असेल तर कोस्टा रिकाचा वेगळा व्हिसा लागत नाही. हे ऐकून लोक निर्धास्त होतात. घोळ होतो तो एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावाल्यांचा. नोकरीची मुदत वाढल्याचं मंजुरीपत्र (आय-797) हातात आहे, पण पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपून वर्ष झालंय, कारण मधे भारतात जाणं झालं नाही. कागदावर तुम्ही अमेरिकेत कायदेशीर आहात, पण कोस्टा रिकाला पासपोर्टवरचा चालू शिक्का हवा असतो. विमान कंपनीचा माणूस काउंटरवरच थांबवतो.

त्याहून वाईट प्रकार परतीचा. ‘शिक्का संपला तरी तीस दिवसांच्या आत परत येता येतं’ ही माहिती ग्रुपवर हमखास कोणीतरी टाकतं. ती सवलत कॅनडा आणि मेक्सिकोपुरती आहे (विद्यार्थी व्हिसा किंवा देवाणघेवाणीचा ‘जे’ व्हिसा असेल तर जवळची काही बेटंही त्यात येतात). कोस्टा रिका त्यात नाही. म्हणजे समजा कसेबसे तिथे पोचलात, तरी परतीच्या विमानात बसवणार नाहीत, आणि मग अमेरिकी व्हिसाची तारीख शोधत बसायचं. शिक्का संपलेला असेल तर यंदा कोस्टा रिका नको.

भारतातून आई-बाबा आलेले असतील तर त्यांचा व्हिसा मल्टिपल एंट्री आहे का, हे स्वतः उघडून बघा. परतीचं किंवा पुढचं तिकीट सगळ्यांचंच मागतात, फोनमध्ये काढून ठेवा. आणि ब्राझील किंवा कोलंबिया करून पुढे कोस्टा रिकाला जाणार असाल तर यलो फीव्हरच्या लशीचं प्रमाणपत्र लागतं, तेही प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घेतलेल्या लशीचं. तिकीट काढण्याआधी वकिलातीच्या संकेतस्थळावर ताजे नियम एकदा वाचाच, कारण ते बदलतात.

गाडीचं भाडं बघून हुरळू नका

वेबसाइटवर दिवसाला दहा-बारा डॉलर दिसतात. तिथल्या काउंटरवर कळतं की थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, तो त्या भाड्यात धरलेला नव्हता आणि तो भाड्याहूनही महाग आहे. तुमच्या क्रेडिट कार्डाचा विमा फार तर गाडीच्या नुकसानीला लागू होतो, या थर्ड पार्टीला नाही. त्यामुळे बुक करतानाच ईमेलने विचारा: सक्तीच्या विम्यासकट एकूण किती, आणि कार्डावर किती रक्कम अडकवणार? उत्तर लेखी घ्या. डेबिट कार्डावर भिस्त ठेवू नका.

गाडी हातात आल्यावर चारी बाजूंनी, टपासकट आणि टायरसकट व्हिडिओ काढा. नुसत्या ला फोर्तुना आणि मान्युएल आंतोनियोसाठी साधी सेडान पुरते. तलावाकडून मोंतेव्हेर्दे किंवा निकोया द्वीपकल्पातले आतले किनारे असतील तर उंच गाडी घ्या. तुमचं मूळ लायसन्स, भारतीय असलं तरी, पर्यटक म्हणून राहण्याची मुदत असेपर्यंत चालतं. फोटोकॉपी चालत नाही.

सूर्य तिथे वर्षभर साडेपाच-सहाच्या सुमारास मावळतो. उन्हाळ्यात साडेआठपर्यंत उजेड बघायची सवय असलेल्यांना हे जड जातं. रात्री दिवे नाहीत, कडेला पट्टे नाहीत, धुकं आणि सायकलवाले आहेत. दुपारी चारनंतर लांबचा पल्ला सुरू करू नका, एवढा एक नियम पाळला तर निम्मे त्रास टळतात.

समुद्रकाठी गाडीत काचेतून दिसेल असं काहीही ठेवू नका. हॉटेल सोडून वाटेत ‘जरा पोहून येऊ’ म्हणत सगळ्या बॅगा डिकीत टाकून जाण्यात चोरांची चांदी होते. टायर बसला म्हणून मदतीला धावणारा अनोळखी माणूसही प्रत्येक वेळी देवमाणूस नसतो. हळूहळू चालवत पेट्रोलपंपापर्यंत जा.

मंगळवार आणि चिवडा

मान्युएल आंतोनियो राष्ट्रीय उद्यान मंगळवारी बंद असतं. कितीतरी लोक बंद फाटकाशी जाऊन उभे राहतात. दुसरी गोष्ट, दारावर तिकीट मिळत नाही. सीनाक या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावरून वेळेसकट तिकीट काढावं लागतं, आणि सुट्टीच्या काळात सकाळच्या वेळा आधीच संपतात. उद्यानाच्या अलीकडे रस्त्यावर जॅकेट घातलेली माणसं हात करून गाडी थांबवतात, ‘पार्किंग इथेच, तिकीट इथेच’ म्हणतात. ती सरकारी नाहीत. थांबू नका, फाटकापर्यंत जा.

आत खायचं नेता येत नाही. बॅगा उघडून बघतात आणि आपला चिवडा, चकल्या, शेंगदाण्याचा लाडू बाहेरच राहतो. याचं कारण आत गेल्यावर दिसतं. पांढऱ्या तोंडाची कापुचिन माकडं किनाऱ्यावर बॅगांच्या चेन सराईतपणे उघडतात, आणि त्यांना आपल्या खाण्याची सवय लागली की ती आजारी पडतात, चावतात. पाण्याची बाटली न्या. स्लॉथ (झाडाला लटकून राहणारा तो संथ प्राणी) बघायचा असेल तर दुर्बीण घेऊन येणाऱ्या परवानाधारक गाइडचे पैसे वाचवू नका. वर पानांत तपकिरी गाठोडं असतं, आपल्याला ते फांदीच वाटते. स्लॉथला हातात देऊन फोटो काढून देणारा कोणी भेटला तर मात्र पुढे चला.

ऐनवेळी बिघडलं तर

ज्वालामुखी दिसतच नाही: ही सगळ्यात नेहमीची तक्रार. आधी एक समजून घ्या, आरेनालचा लाव्हा आता दिसत नाही. 1968 च्या मोठ्या स्फोटानंतर तो सतत धुमसत होता, 2010 पासून शांत आहे. लाल ओघळांचे फोटो जुने आहेत. शंकू दिसण्याची शक्यता पहाटे जास्त, म्हणून साडेपाचला उठा आणि नाश्त्यानंतर परत झोपा. पोआसचं तिकीटही आधीच काढावं लागतं, आणि वायू किंवा राख वाढली की ते उद्यान बंद करतात. त्यामुळे पोआसवर पूर्ण दिवस लावू नका.

निळ्या पाण्यासाठी प्रसिद्ध असलेली रिओ सेलेस्ते नदी निळी नाही, चहासारखी आहे: आदल्या दिवशी जोराचा पाऊस झाला. दोन ओढे मिळतात तिथे पाण्यातल्या बारीक खनिज कणांवर प्रकाश विखुरतो आणि नदी निळी दिसते. पुराच्या गाळात ते सगळं झाकलं जातं. निघण्यापूर्वी हॉटेलवाल्याला तिकडे फोन करायला सांगा.

रस्ता बंद: सान होजेहून कॅरिबियन बाजूला जाणारा 32 क्रमांकाचा रस्ता ब्राउलियो कारिओच्या जंगलातून जातो आणि पावसात दरड कोसळून बंद पडतो. तुर्रियाल्बामार्गे लांबचा पर्याय आहे. पॅसिफिककडच्या 27 क्रमांकावर वेगळीच गंमत: रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी दुपारनंतर, शहरात परतणाऱ्यांसाठी काही टप्प्यात सगळ्या लेन एकाच दिशेने चालवतात. रविवारी किंवा सुट्टीच्या दिवशी उतरून थेट किनाऱ्याला जाणार असाल तर हे ध्यानात ठेवा.

पाऊस थांबत नाही: मे ते नोव्हेंबर पावसाळा, पण सकाळ बहुतेकदा कोरडी मिळते. बाहेरचं सगळं दुपारी बाराच्या आत उरका. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पॅसिफिक बाजू झोडपून निघते तेव्हा कॅरिबियन किनारा, पुएर्तो व्हिएहोचा भाग, उलट उघडा असतो. मोंतेव्हेर्दे सुमारे 1,400 मीटरवर आहे, तिथे संध्याकाळी स्वेटर लागतो. शॉर्ट्सवर गेलेले लोक दुकानात महागडे जॅकेट घेताना दिसतात.

शाकाहारी ताटात चिकन आलं: ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही. ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो’ (मांस नको, चिकन नको, मासे नको) असं तिन्ही म्हणा. छोट्या खानावळीला तिथे सोदा म्हणतात. भात, काळ्या घेवड्याची उसळ, तळलेलं पिकलं केळं आणि कोशिंबीर असं कासादोचं ताट मिळतं, त्यात मांसाऐवजी अंडं किंवा चीज मागता येतं. घेवडा चरबीत परतलेला आहे का, हे कडक शाकाहाऱ्यांनी ‘मान्तेका?’ म्हणून विचारून घ्यावं. बिलात 13 टक्के कर आणि 10 टक्के सेवाशुल्क असतंच, वर वेगळी टिप द्यायची सक्ती नाही.

समुद्र ओढायला लागला: पॅसिफिक किनाऱ्यावर आत खेचणारे प्रवाह जोरदार आहेत. किनाऱ्याकडे सरळ पोहण्याची धडपड करू नका, किनाऱ्याला समांतर आडवं पोहून प्रवाहातून बाहेर या. मुलांना एकटं सोडू नका. तातडीच्या मदतीसाठी फोन 911.

पासपोर्ट हरवला: आधी पोलिसांत तक्रार. कोस्टा रिकाचं काम पनामातला भारतीय दूतावास बघतो, म्हणून त्यांचा नंबर निघण्यापूर्वीच लिहून ठेवा. पासपोर्टबरोबर अमेरिकेचा शिक्काही जातो, तेव्हा अमेरिकी वकिलातीचं काम वेगळं. पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत आणि फोटो फोनमध्ये. गाडी चालवणाऱ्याने मात्र मूळ पासपोर्ट जवळ ठेवावा, वाटेत पोलीस मागू शकतात.

परतीच्या दिवशी सकाळचं विमान असेल तर गाडी आदल्या संध्याकाळीच टाकी भरून परत करा आणि आलाहुएलात राहा. सान होजे विमानतळ तिथेच आहे, आणि सकाळी सहानंतर त्या महामार्गावर गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात.